एक ओढून येतो

मधलं दार नीट लागत नव्हतं आणि सगळ्या भांडणाचं मूळ तेच, असं आईचं म्हणणं होतं.

कॉटेज एकच, पण मधे भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. डावा न ओढणाऱ्यांचा, उजवा ओढणाऱ्यांचा. दोन्हीकडे झोपायच्या खोल्या, दोन्हीकडे तळ्यावर उघडणाऱ्या खिडक्या, दोन्हीकडे बाहेर उतरायला पायऱ्या, आणि आतल्या आत येण्याजाण्यासाठी हे दार. पाण्याच्या शेजाराने लाकूड असं फुगलं होतं की दार चौकटीत बसायलाच तयार नव्हतं. कितीही ढकला, बोटभर फट राहायचीच. बुकिंग करताना काउंटरवरच्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं असली की आम्ही हेच देतो. सगळे एकत्रही राहता आणि वेगळेही." आईच्या धाकट्या लेकीला ते इतकं पटलं की पुढचं काही न विचारता तिने होकार देऊन टाकला. आपल्या घराचं इतकं अचूक वर्णन एखादी परकी बाई फोनवर करेल असं तिला वाटलं नव्हतं.

सहल ही तिचीच कल्पना. बाबा गेल्यापासून दादा जहाजावरून सुट्टीवर आला की घरी डोकवायचा, आईशी चार शब्द बोलायचा, जेवायचा, आणि धाकटी हात पुसत समोर येऊन बसली रे बसली की खिसा चाचपत उठायचा. "आलोच हं. एक ओढून येतो." जो जायचा तो निघायच्या वेळीच परत यायचा. आता त्याचं जहाज बदललं होतं, मार्ग लांबचा होता, पुन्हा कधी भेट होईल त्याचा नेम नव्हता. त्याआधी एकदा दादाबरोबर निवांत बसायचं, एवढंच तिला हवं होतं. बसून काय बोलायचं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्याला उठून लांब जायला निमित्त मिळू नये म्हणून तिने मुद्दाम ओढणाऱ्यांच्या भागासकट कॉटेज घेतलं. स्वतःला दमा असून धुराची सोय करायची, हा प्रकार तिच्या नवऱ्याला जरा अजबच वाटला. पण माणूस समजूतदार. "दुकान मी बघतो, तू जा," एवढंच म्हणाला.

आणि झालं काय, तर पहिल्याच संध्याकाळी फटीतून धूर आला. धाकटीला खोकल्याची उबळ आली, पंप काढावा लागला, आणि आईने बाथरूममधला टॉवेल ओला करून त्या फटीत असा काही कोंबला की पलीकडच्यांना वाटावं, युद्धच पुकारलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणघरातही तीच वाटणी झाली. काचेच्या आत न ओढणारे, बाहेर लाकडी ओट्यावर ओढणारे. आई आणि धाकटी आत, दादा आणि आत्या बाहेर. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. जन्मभर इस्पितळात मेट्रन होती. पेशंटच्या उशीखालची सिगारेट जप्त करायची आणि वॉर्डामागे जाऊन स्वतः ओढायची. सत्तरी उलटली तरी त्यात बदल नव्हता. राहता राहिली वहिनी, दादाची बायको. ती शाळेत गणित शिकवायची, तिने कधी सिगारेट ओढली नव्हती, पण नवऱ्यामागे उजव्या भागात गेलेली. ती इकडची ताटली तिकडे, तिकडचा निरोप इकडे करत दोन्ही राज्यांची वकिली सांभाळत होती.

"त्याला म्हणावं, आत येऊन जेव," आई तिला म्हणाली.

"ते म्हणतात, बाहेरच बरं आहे."

"बरं कसलं डोंबलाचं! वारा बघ. गार गिळतोय सगळं. पण नाही, साहेबांना जेवणाआधी एक लागते, जेवणानंतर एक लागते."

"वहिनी, सोडा ना," धाकटी हळूच म्हणाली. "आई, तूही सोड. मी बरी आहे आता."

"तू गप्प बस. तुझं नाक बसलंय अजून." आईने खुर्ची मागे ढकलली आणि तरातरा काचेच्या दारापाशी गेली. आता आईने एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलं. बाकीच्या टेबलांवरच्या माणसांनी काटे-चमचे खाली ठेवले. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

"काल बहिणीचा जीव कासावीस झाला, माहीत आहे का तुला?"

दादा उभा राहिला. एवढा पन्नाशी ओलांडलेला माणूस, जहाजाच्या इंजिनांवर ओरडणारा, पण आई समोर आली की शाळेत उशिरा पोचल्यासारखा उभा राहायचा.

"वहिनी, अहो, तो धूर—" आत्याने तोंड घातलं.

"तुम्ही मधे पडू नका, वन्सं!"

"मधे काय पडू नका? धूर माझा होता. हा बिचारा तर—"

"आत्या," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण आत्याने तोंडाला कुलूप लावलं. आत्या आपणहून गप्प बसली, ही त्या घरातली मोठीच घटना होती, पण तेव्हा ती कुणाच्या ध्यानात आली नाही. वहिनी मात्र हातातली ताटली धरून नवऱ्याकडे एकटक बघत राहिली.

"चुकलं माझं, आई," दादा म्हणाला.

"चुकलं! हेही असंच म्हणायचे. चुकलं चुकलं म्हणत जन्म काढला. 'पोरगा सोडेल त्या दिवशी मी सोडेन.' आणि तू म्हणायचास, 'बाबा सोडतील त्या दिवशी मी.' दोघांनी मिळून मला खुळ्यात काढलं. आणि मीही हसायचे, बावळट! आता ते तर सुटले. तू कुणाची वाट बघतोयस?"

हा विनोद घरात सगळ्यांना पाठ होता. बापलेक एकमेकांकडे बोट दाखवायचे, आई लाटणं घेऊन धावायची, पाहुणे पोट धरून हसायचे. आज कुणी हसलं नाही. दादाचा चेहरा असा उतरला की आईलाच पुढचं बोलणं जमेना. तिने पदर कपाळाला लावला आणि परत येऊन बसली.

"मी उद्या सकाळी निघतो," काचेपलीकडून दादा म्हणाला. "तुम्ही राहा आरामात. हवा मोकळी होईल तुमची."

धाकटीने पुढ्यातली ताटली बाजूला सारली. जन्मभर हेच तर झालं होतं. तिच्यासाठी माणसं उठून जायची. कुणी तिच्याशी वाईट वागलं म्हणून नव्हे. जीव होता म्हणूनच जायची. आणि ती मोकळ्या हवेत एकटी उरायची.

घरचं दुकान ड्रायक्लीनिंगचं. दुकानात धूर वर्ज्य, कारण लोकांचे कोट, रेशमी कपडे, लग्नाचे पोशाख टांगलेले. आणि मागच्या घरात धूर वर्ज्य, कारण धाकटीची छाती. मग उरला मागचा जिना. संध्याकाळी शटर ओढलं की बाबा एप्रन काढून जिन्यावर जायचे, दादा मिसरूड फुटल्यापासून त्यांच्या मागे. बापाने मुलाला रागवावं ते सोडून काडी ओढून दिली, यावरून आईने आठवडाभर अबोला धरला होता. धाकटीची खाट जिन्याकडच्या खिडकीखाली होती. खिडकी घट्ट लावलेली. खोकून खोकून ती उठून बसायची, पाणावल्या डोळ्यांनी काचेतून बघायची, तर ते दोघे तिथे. बाबा मधेच हात वर करायचे, काहीतरी रंगात आल्यासारखे. दादा गप्प होऊन ऐकायचा. आणि थोड्या वेळाने दोघे एकदम हसायचे. काय गोष्ट सांगत असतील बाबा? रोज नवी कुठून येत असेल? तिला वाटायचं, दमा नाही गेला तरी चालेल, पण एकदा त्या जिन्यावर जाऊन बसता आलं पाहिजे.

पुढे दुकान तिनेच चालवलं. कपडा हातात आला की आधी नाकाशी धरायचा, हे बाबांनीच शिकवलेलं. डाग डोळ्याला फसवतो, नाकाला फसवत नाही. छाती दुबळी असली तरी नाक असं तिखट की कॉलर हुंगून ती सांगायची, हा चहा, हा घाम, हे हॉटेलचं तेल. घरात आईने त्या नाकाची नेमणूक हेरखात्यात केली होती. धुवायला पडलेला प्रत्येक शर्ट आधी तिच्याकडे यायचा आणि बापलेकांच्या नाकी नऊ यायचे. दादा म्हणूनच तिला 'नाकू' म्हणायचा आणि चार हात लांब बसायचा.

बाबा गेले तेव्हा ती त्यांच्या उशाशी होती. औषधं तिने दिली, पाणी तिने पाजलं. पण गप्पा? त्या सगळ्या जिन्यावर होऊन गेल्या होत्या, आणि त्यांचा आता एकच वारस होता. तो उद्या सकाळी निघणार होता.

संध्याकाळी आई डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. धाकटीने पंप खिशात टाकला, फटीतला ओला टॉवेल पायाने बाजूला केला आणि दार ढकलून पलीकडे गेली. आपण चोरी करायला निघालोय असं तिला वाटत होतं.

आत्या पायऱ्यांवर बसली होती. धाकटीला बघून तिने हातातली सिगारेट चहाच्या कपात बुडवली.

"अगं बाई! तू इकडे कशाला मरायला आलीस?"

"दादाशी बोलायचंय."

"पंप कुठाय?" आत्याने खिसा चाचपून बघितला, तिच्या पाठीला कान लावला, दोन श्वास ऐकले. मेट्रनची ड्यूटी कधी संपत नाही. "बरं आहे. जा. आत बॅग भरतोय. भरतोय कसला, कोंबतोय. आणि हे बघ, मला काही विचारू नकोस. मला शपथ घातली आहे."

"कसली शपथ?"

"तेच विचारू नकोस म्हणतेय ना!"

आत वहिनी पलंगाच्या कडेवर बसली होती आणि दादा शर्टांचे बोळे करून बॅगेत टाकत होता. धाकटीला बघून वहिनी उठली. "मी आत्यांना सोबत करते," म्हणाली, आणि जाता जाता तिने धाकटीचा हात असा दाबला की जणू एखादं अवघड गणित तिच्यावर सोपवून चालली आहे.

"तू कशाला आलीस इथे? धूर आहे," दादा दोन पावलं मागे सरकत म्हणाला.

"तू जाऊ नकोस उद्या."

"अगं, तुलाच त्रास—"

"माझं नाव घेऊ नकोस! मला त्रास होतो तो तू गेल्यावर होतो. सहल कुणासाठी काढली मी? अर्धं कॉटेज धुराचं कुणासाठी घेतलं?"

दादाने आणखी एक शर्ट उचलला आणि त्याचा बोळा केला. आता मात्र धाकटीला राहवेना. राग आपल्या जागी, पण शर्टाची अशी दशा तिला उघड्या डोळ्यांनी बघवत नव्हती. तिने तो हिसकावून घेतला, झटकला, आणि घडी घालायच्या आधी सवयीने कॉलर नाकाशी नेली.

वरवर आत्याचा धूर होता, कालचा. आतल्या बाजूने साबण. थोडं इंजिनचं तेल, ते त्याच्या कपड्यांतून कधीच जायचं नाही. तिने उजवी बाही हुंगली. ओढणाऱ्याची उजवी बाही वेगळी लागते, कितीही धुवा. ही लागली नाही. तिने छातीवरचा खिसा उलटा केला. ओढणाऱ्याच्या खिशाच्या शिवणीत तंबाखूचा चुरा असतोच असतो. दुकानात तो काढायला तिने वेगळा ब्रश ठेवला होता. शिवण स्वच्छ होती. तिने बॅगेतला दुसरा शर्ट काढला, मग तिसरा. दादा बघत उभा होता. चोर पकडला जाताना बघत उभा राहतो तसा.

"तू ओढत नाहीस," ती म्हणाली.

"हळू बोल. दाराला फट आहे."

"कधीपासून?"

"बाबांना पोचवून आलो त्या दिवसापासून." तो पलंगावर बसला. "खिशात पाकीट होतं. काढायला गेलो तर हात वर येईना. मग नाहीच ओढली."

"आणि सांगितलं नाहीस? आईला किती बरं वाटलं असतं!"

"आई दुपारी काय म्हणाली, ऐकलंस ना? पोरगा सोडेल त्या दिवशी मी सोडेन." दादाचा आवाज फाटला. "थट्टा वाटायची गं आपल्याला. पण समज, खरंच सोडली असती त्यांनी तर? मला एवढी सोपी होती सोडायला, नाकू. एका दिवसात सुटली. ती पाच-सात वर्षं आधी सोडली असती तर? आता आईसमोर जाऊन कुठल्या तोंडाने सांगू, की मला जमत होतं म्हणून?"

धाकटी त्याच्या शेजारी बसली. तो या वेळी सरकला नाही. बाबांना कुणाच्याही सोडण्याने सोडवता आलं नसतं, हे तिला कळत होतं. शेवटच्या दिवसांत त्यांनी तिच्याकडेच हळूच एक मागितली होती. पण ते सांगून दादाचं ओझं हलकं होईल असं तिला वाटलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"मग माझ्यापासून का पळत होतास? आलोच, एक ओढून येतो, म्हणून?"

"तुझं नाक!" तो जवळजवळ ओरडलाच, मग फटीकडे बघून आवाज खाली आणला. "लहानपणी वास येईल म्हणून लांब बसायचो. आता येत नाही ते कळेल म्हणून लांब बसत होतो. तू जवळ आलीस की संपलंच की सगळं!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी धाकटी हसली. हसू दाबता दाबता खोकला आला, खोकला आवरता आवरता रडू आलं, आणि दादा तिच्या पाठीवर हात फिरवत "पंप, पंप कुठाय" करत राहिला. तो इतक्या जवळ किती वर्षांनी बसला होता! वेडा माणूस. न ओढलेल्या सिगारेटींचा वास लपवत फिरत होता.

"उठून कुठे जायचास मग?" श्वास जागेवर आल्यावर तिने विचारलं.

"बाहेर उभा राहायचो. एक ओढायला लागते तेवढा वेळ. बरं वाटतं. बाबा शेजारी आहेत असं वाटतं."

धाकटीला एकदम फार हेवा वाटला. इतक्या वर्षांचा, खिडकीच्या काचेमागचा, जुना हेवा. "मलाही ने," ती म्हणाली.

"कुठे?"

"बाहेर. मला जिन्यावर कुणी नेलंच नाही कधी."

उजवीकडच्या पायऱ्यांवर आत्या होती, तिने आता दुसरी पेटवली होती. म्हणून ते मधल्या दाराने डाव्या भागात आले. आई डोळे मिटून पडली होती. पायांची चाहूल लागताच म्हणाली, "कोण?"

"आम्ही, आई. मी आणि दादा," धाकटी म्हणाली. "एक ओढून येतो."

आईने डोळे न उघडताच सुस्कारा सोडला. "शाल घेऊन जा," म्हणाली.

बाहेर तळ्यावर उजेड अजून रेंगाळत होता. दादा कठड्याला कोपर टेकून उभा राहिला, हुबेहूब बाबांसारखा. शेजारी थोडी जागा सोडलेली. धाकटी त्या जागेत जाऊन उभी राहिली आणि तिला काय करावं ते कळेना, हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

"काय बोलायचात रे इतकं?" तिने विचारलं. "मी रोज बघायचे खिडकीतून. ऐकायला जीव तुटायचा."

"बोलायचो?" दादा विचारात पडला. "खास काही आठवत नाही. कुणाच्या कोटाचा डाग निघाला नाही, असलंच काहीतरी. बाबांना कुठे बोलायला यायचं?"

"मग उद्या—"

"उद्याचं मी काय म्हणतो, आधी आईला सगळं सांगावं आणि मग ती म्हणेल तर—"

आत आई खोकली.

दादा बोलता बोलता तसाच थांबला. त्याचा हात वर गेला, पंजा उघडा, मान आतल्या आवाजाकडे कललेली. धाकटीही गप्प झाली. आई पुन्हा खोकली. पलंग करकरला, पेल्याचा आवाज झाला, मग ती कुशीवर वळली असावी. दोघे ऐकत राहिले. आत सगळं शांत झालं.

"थांबला," दादा म्हणाला. आणि मग त्याची नजर स्वतःच्याच हातावर गेली. हात अजून वरच होता.

"हे," तो सावकाश म्हणाला. "हेच करायचो आम्ही, नाकू. तू आत खोकायला लागलीस की बाबा असा हात वर करायचे. मग कुणी बोलायचं नाही, कुणी झुरका घ्यायचा नाही. तुझा खोकला थांबेपर्यंत."

धाकटीने कठडा घट्ट धरला. "आणि हसायचात ते कशाला?"

"ते होय?" दादा म्हणाला. "थांबला की हसायचो."